धुराचा साहेब

फाल्गुन सरत आला आणि शेजारच्या बंगल्यातल्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. त्या दरसाल मुंबईहून लोणावळ्याला हवा खायला येतात, आणि यंदा लढाईच्या धास्तीने जरा लवकरच आल्या आहेत. परवा नाकाला रुमाल लावून कुंपणापाशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "अहो, समोर डोंगराखाली हे काय जाळतात? सकाळपासून नुसता धूर. सरकार काही करत नाही का याचं?"

"केलं होतं एकदा," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. हसल्या आणि आत गेल्या. मी मात्र तिथेच उभी राहिले, कारण मला तो वास हवा होता.

समोर राब भाजत होते. मावळात भाताचं रोप टाकायचं तर आधी ती जागा भाजून घेतात. माघापासून बायका वाफ्यावर शेण, पालापाचोळा, झाडांची टहाळं, गवत असे थर रचत जातात, वरून माती भुरभुरतात, आणि उन्हं तापली की एका कडेला विस्तव लावतात. वारा जिकडून येतो त्या कडेला लावायचा नाही, पलीकडच्या कडेला लावायचा. मग जाळ भडकत नाही, वाऱ्याला तोंड देत हळूहळू धुमसत सरकतो, माती खोलवर भाजते आणि तणाचं बी मरतं. त्या दुपारी डोळे चुरचुरतात, पोरं खोकतात, सगळं खरं. राबाचा धूर म्हणजे उदबत्ती, असं मी म्हणणार नाही. पण तो एका दुपारचा असतो आणि त्यातून वर्षाचा भात येतो. एवढं तरी त्याच्या बाजूने बोलायला हवं, कारण एकदा त्याची बाजू मांडायला कोणी नव्हतं.

लोणावळ्याच्या हवेचं कौतुक मी माहेरी तळेगावात असल्यापासून ऐकत होते. अशक्त माणसं तिथे जाऊन लाल होऊन येतात म्हणे. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच सकाळी दुधावरच्या सायीवर काळे ठिपके दिसले. मला वाटलं, यांच्यात दुधात मिरी घालत असतील. मी तसंच पिऊन टाकलं. थोरल्या जाऊबाई बघत होत्या. त्यांना हसू आवरेना. "मिरी न्हाई गं बाई ती," त्या म्हणाल्या, "आगगाडीचा परसाद हाय. बोटानं काढायचा न् प्यायचं."

त्या माझ्या आक्का. सासरी मला पहिलं माणूस मिळालं ते त्या.

तेव्हा घाटात विजेची इंजिनं आली नव्हती. आमची वाडी स्टेशनाच्या खालच्या अंगाला, खोलगटात. वरच्या उतारावर इंजिनांची शेड. गाड्यांना मागून रेटा देत घाट चढून आलेली इंजिनं तिथे निवत, आणि खाली जायच्या आधी तिथेच पुन्हा पेटत. नवा कोळसा पडला की आधी पिवळट धूर निघे, मग काळाकुट्ट. दिवसा तो वर जाई. ऊन कललं की डोंगरावरची गार हवा खाली उतरे, आणि येताना तो सगळा धूर बरोबर घेऊन आमच्या वाडीत मुक्कामाला येई. वाळत घातलेल्या कुरडयांवर काजळी, धुतलेल्या लुगड्यांवर काजळी, तुळशीच्या पानांवर काजळी. पोरांची नाकं पुसली तर पदर काळा. वाडीतल्या लोकांना त्याचं काही वाटत नसे. माणसाला कशाचीही सवय होते, आणि सवय झाली की वरच्यांची सोय होते.

आक्कांना ती सवय होईना. त्यांना दमा होता. माहेरी कुसगावला गेल्या की चार दिवसांत उताणं निजता येई. परत आल्या की संध्याकाळपासून गोधड्यांची चवड पोटाशी धरून बसून राहायचं. अडुळशाचा काढा झाला, रुईच्या पानांचा शेक झाला. एका वैद्याने धोतऱ्याची वाळली पानं चिलमीत घालून ओढायला सांगितली. आक्का चिलीम हातात घेऊन मला म्हणाल्या, "बघ, आता हे बी धूरच द्याया लागलेत. सरकारी धुरावर घरचा धूर." त्यांना लांब वाक्य बोलता येत नसे. श्वास पुरेल तेवढं बोलायचं, थांबायचं, मग उरलेलं. त्यामुळे त्यांच्या थट्टेला उगीचच एक धार यायची. थोरले दीर, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो, खाचरातून आले की हातपाय धुऊन आक्कांच्या मागे बसत आणि पाठीवरून हात फिरवत राहत. त्या हाताने आक्कांचा श्वास खाली बसे, काढ्याने नव्हे.

आणि मग सरकारला जाग आली. आमच्यामुळे नव्हे. बंगल्यांतल्या मंडळींच्या पडद्यांवर काजळी धरू लागली होती, पांढऱ्या गाद्यागिरद्या मळू लागल्या होत्या. बाजारात एक जाहीरनामा लागला की धुराचा बंदोबस्त करायचं सरकारने मनावर घेतलं आहे, त्यासाठी खास अंमलदार नेमला आहे, आणि ज्याला उपद्रव होत असेल त्याने लेखी कळवावं. आमचे हे शाळेत मास्तर. त्यांनी तो घरी येऊन वाचून दाखवला. ओट्यावर शेजारचे तुकाआबा बसले होते. म्हातारा तोंडाचा मोठा तिखट. ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "धुराला समन्स काढनार व्हय? आन त्यो हजर झाला न्हाई तर? पकड वारंट?"

सगळा ओटा हसला. माझे सासरे तेवढे हसले नाहीत. मामंजींचा सरकारवर विश्वास होता. का होता, कोण जाणे. सरकारने त्यांना तसं काही कारण दिलेलं नव्हतं. ते म्हणाले, "इचारलंय त्यांनी, तर सांगाया पायजे. न सांगता त्यास्नी कळायचं कसं? थोरलीचा जीव जातोय रोज."

आक्का आतून म्हणाल्या, "सायेब काय... पोत्यात भरून न्हेनार हाय का धूर?"

पण त्यांच्या आवाजात तेव्हा नुसती थट्टा नव्हती. दाराआडून त्या कान देऊन ऐकत होत्या. ह्यांनी अर्ज लिहिला, मामंजींनी अंगठा केला. साऱ्या वाडीत अर्ज गेला तो आमच्या एकट्या घरचा.

साहेब आला तो राब रचून झालेले असताना. गोरा नव्हता, आपल्यातलाच होता, पुण्याकडचं शुद्ध बोलत होता. पण डोक्यावर हॅट होती, आणि तेवढ्याने गावाला पुरलं. पोरांनी त्याचं नाव ठेवलं धुराचा साहेब. त्याच्याजवळ एक पुठ्ठा होता. त्यावर फिक्या करड्यापासून काळ्यापर्यंत चौकोन काढलेले. हात लांब करून तो पुठ्ठा आभाळाकडे धरायचा, धुराचा रंग कोणत्या चौकोनाशी जुळतो ते बघायचं आणि टिपून घ्यायचं. तुकाआबा म्हणाले, "लुगड्याचा रंग पसंत करतोय जनू."

साहेब येणार हे शेडवाल्यांना आधीच कळलेलं होतं. त्या दिवशी शेडवर अशी शांतता की पाखरांचा आवाज ऐकू यावा. एक इंजिन उभं होतं, पण त्याच्या धुराड्यातून देवघरातल्या समईइतकाही धूर नव्हता. शेडचा फोरमन स्वच्छ कपडे घालून साहेबाबरोबर फिरत होता. साहेबाने पुठ्ठा धरला, खाली घेतला, परत धरला. मग आमच्या वाडीत उतरला. आमच्या ओट्यापुढे उभा राहून मामंजींना म्हणाला, "आजोबा, अर्ज तुमचा ना? कुठे आहे धूर?"

मामंजी हात जोडून म्हणाले, "आत्ता न्हाई दिसायचा सायेब. दिस कलला की वरचं वारं खाली उतरतं, आन शेडवरचं समदं घिऊन हितं येऊन बसतं. वाईच थांबा."

"मला पाचच्या गाडीने जायचं आहे. आणि वारा काय, दिसत नाही. मी लिहू काय?"

वारा दिसत नाही! जन्मभर राब भाजणाऱ्या माणसाला कोणी असं म्हटलं तर तो काय करील? मामंजींनी तेच केलं. शेडच्या भिंतीखाली, उताराला, आमचाच एक राब रचलेला होता. ते म्हणाले, "दावतो की. हितंच उभं ऱ्हावा." आणि चुलीतलं कोलीत आणायला आत आले. आत आक्का बसलेल्या. मामंजी घुटमळले. तो धूर घरात येणार हे त्यांना कळत होतं. तेच तर दाखवायचं होतं. आक्का म्हणाल्या, "लावा मामंजी. दिसू द्या त्यास्नी."

एव्हाना ऊन कलू लागलं होतं. राबाचा एक कोपरा धुमसू लागला. धूर आधी सरळ उठला, आणि शेडच्या भिंतीच्या वर गेला नाही तोच वाकला. उतारावरून घरंगळत खाली आला, आमच्या परड्यातून वळला आणि बरोबर आक्कांच्या खिडकीतून आत शिरला. मामंजी आनंदाने ओरडले, "बघा! बघा सायेब! हा असा! रोज ह्याच वाटनं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, धुराचं म्हणा की कशाचं म्हणा. आत आक्का खोकत होत्या आणि मी त्यांना धरून होते. साहेबाने हात लांब केला. पुठ्ठा धुरापुढे धरला. मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. मामंजींना वाटलं, कळलं त्याला. आम्ही त्याला गुळाचा चहा दिला. तो घेऊन तो पाचच्या गाडीने गेला.

त्या रात्री घरात सणासारखं वाटलं होतं. दादा आक्कांना म्हणाले, "आता हुईल बग कायतरी."

झालं ते असं. चैत्र लागता लागता वाडीत दवंडी पिटली. उन्हाळी हंगामात पाऊस लागेपर्यंत बंगल्यांच्या नजरेच्या टप्प्यात राब, पाला, शेण काही जाळायचं नाही. धुराचा उगम सापडला होता. सरकारी माणसाने स्वतः डोळ्यांनी पाहिला होता, पुठ्ठ्याशी ताडून पाहिला होता. शेडचा त्यात उल्लेख नव्हता.

मामंजी दवंडीवाल्याला दोनदा विचारायला गेले. "आरं, इंजनाचं काय? नीट ऐकलंस न्हवं?" घरी येऊन म्हणाले, "आपला अर्ज त्यास्नी पोचला न्हाई वाटतं." अर्ज पोचला होता, मामंजी. अर्ज पोचला म्हणूनच साहेब आला होता. हे त्यांना सांगायचं कोणी? कोणीच सांगितलं नाही. मग वाडीनेच सांगितलं. तुकाआबा ओट्यावर यायचे बंद झाले. पाणवठ्यावर बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. एकीने मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "लय शाने. सायबाला बोलावून आनला, आन समद्यांच्या राबावर पानी वतलं." एकाने चोरून राब पेटवला तर त्याला कचेरीत नेऊन दिवसभर उन्हात बसवला. त्यानंतर कोणी धजलं नाही.

लोकांचा सरकारवर विश्वास नसतो, अशी तक्रार हल्ली शिकलेले लोक करतात. मी पुष्कळदा विचार करते की त्या वाडीत शहाणे कोण होते. तुकाआबांचं म्हणणं खरं ठरलं. पण म्हणून त्यांचा राब भाजला गेला नाही. ज्यांनी विश्वास ठेवला नाही तेही बुडाले, आणि आम्ही ठेवला तर आमच्यामुळे बुडाले. अशा ठिकाणी अविश्वास हे शहाणपण नव्हे, नुसता स्वतःशी केलेला चडफडाट. मला तुकाआबांचा राग यायचा, आणि मामंजींची कीव यायची. साहेबाचा मात्र अजून राग येतो. तो वाईट माणूस नव्हता. त्याने आपलं काम चोख केलं. काळा चौकोन कुठे जुळतो एवढंच त्याला बघायचं होतं आणि तो जुळला. कशाचा धूर, कोणाच्या छातीत, हे त्याच्या पुठ्ठ्यावर नव्हतं.

पाऊस आला. न भाजलेले राब कुजले आणि त्यांतून तण असं उसळलं की भाताचं रोप कोणतं आणि गवत कोणतं ते हाताला कळेना. आम्ही बायका वाफ्यात वाकून उपटत होतो. तणाबरोबर रोप येई, रोपाबरोबर तण राही. लावणीला जे निघालं ते पिवळं, सुईसारखं. आमच्याकडे आंबेमोहोर व्हायचा. फुलोऱ्यात खाचरावरून वारा आला की शिजल्या भाताचा वास यायचा. त्या वर्षी वास आला नाही. कार्तिकात खळ्यावर जे पडलं ते बघून मामंजी घरात गेले.

आणि दादा शेडवर कामाला लागले.

दुसरं होतं काय जवळपास? राखेच्या खड्ड्यावर जागा होती. इंजिनाच्या पोटातली राख ओढून काढायची, निववायची, पाट्यांनी वाहायची. आमच्या तांदळाच्या बदल्यात आम्हांला हे मिळालं. दादा सकाळी जाताना माणूस असत, संध्याकाळी परत येताना दात आणि डोळे. ओढ्यावर आंघोळ करत, माती लावून अंग घासत, कपडे बाहेर दोरीवर टाकत. तरी वास जात नसे. पहिल्या संध्याकाळी सवयीने आक्कांच्या मागे जाऊन बसले, पाठीवर हात ठेवला, आणि आक्कांना अशी उबळ आली की डोळे पांढरे झाले. दादांनी हात काढून घेतला. तो हात ते कितीतरी वेळ बघत राहिले. त्यानंतर ते ओट्यावर जेवू लागले, गोठ्यात निजू लागले. आक्कांची पाठ चोळायचं काम माझ्याकडे आलं. मी चोळायची, आणि आक्का भिंतीपलीकडे गुरांच्या घंटा ऐकत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "तुजा हात... लय मऊ हाय गं." ती तक्रार होती.

पुढे विजेची इंजिनं आली. वर तारा लागल्या, शेडचा धूर गेला, सायीवरचे ठिपके गेले. वर्तमानपत्रात छापून आलं की सरकारच्या दूरदृष्टीमुळे लोणावळ्याची हवा आता निर्मळ झाली आहे. घाट लवकर चढावा आणि कोळसा वाचावा म्हणून आलेल्या इंजिनांचं श्रेय हवा शुद्ध केल्याचं म्हणून कोणीतरी घेऊन टाकलं. राबबंदीचा हुकूम कोणी मागे घेतला नाही. तो लिहिणारे बदलून गेले, पाळणारे विसरले, आणि एका फाल्गुनात वाडीने राब भाजले. कोणी विचारायला आलं नाही. मामंजी ते बघायला होते. आक्का नव्हत्या. तारा लागायच्या कितीतरी आधीच्या एका आषाढात त्या गेल्या, बसल्या बसल्या, गोधड्यांच्या चवडीवर डोकं ठेवून.

पण त्या सगळ्या वर्षांत आठवतं ते आक्कांचं मरण नाही. आठवते ती त्याच्या आधीच्या माघातली एक कलती दुपार.

साहेब पुन्हा आला होता. केलेल्या उपायांचा गुण आला की नाही ते अर्जदारांना विचारून नोंदवायचं, असा नियम असावा. या खेपेला फोरमन त्याच्याबरोबर थेट आमच्या ओट्यापर्यंत आला. दादांची त्या दिवशी पाळी नव्हती. ते घरीच होते. फोरमनला बघताच ते उठून उभे राहिले, मुंडासं सारखं केलं. मामंजी खांबाला टेकून बसून होते. अंगणात शेडचा धूर नेहमीसारखा उतरू लागला होता. साहेबाने तो बघितला की नाही, माहीत नाही. पुठ्ठा त्याने काढला नाही.

मी आत होते. आक्कांना सकाळपासून जड होतं. त्या दाराच्या फटीतून बाहेर बघत होत्या.

साहेब म्हणाला, "काय आजोबा, आता कसं काय? धुराचा त्रास कमी झाला ना? घरात कोणी आजारी होतं असं लिहिलं होतं तुम्ही."

मामंजींनी मान वर केली नाही. फोरमन हसून दादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "यह तो अपना ही आदमी है, साब. इससे पूछिए."

साहेब दादांकडे वळला. "काय रे? काही तक्रार आहे अजून?"

दादांनी दाराकडे बघितलं. फट एवढीशी होती, पण त्यांना ठाऊक होतं की पलीकडे कोण आहे. आक्कांनी माझं मनगट धरलं. उबळ येत होती. मला ती त्यांच्या पाठीतून, हाताखाली वर चढताना कळत होती. आक्कांनी पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला.

"न्हाई सायेब," दादा म्हणाले. "आता बरं हाय समदं."

साहेबाने लिहून घेतलं. मग त्याने पाणी मागितलं. ह्यांनी तांब्या नेऊन दिला. तो सावकाश प्याला, तोंड पुसलं, उभा राहून समोरच्या डोंगराकडे बघितलं आणि फोरमनला म्हणाला, "काय जागा आहे हो! नशीबवान आहेत ही माणसं." आक्कांच्या कपाळाच्या शिरा उभ्या राहिल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ निळे पडत होते. मी बोळा ओढून काढायला हात घातला, तर त्यांनी माझा हात झिडकारला. एवढा जोर त्यांच्यात कुठून आला, मला कळलं नाही. त्यांची नजर फटीतून हलत नव्हती. त्या साहेबाकडे बघत नव्हत्या, दादांकडे बघत होत्या. दादा हात जोडून उभे होते.

बुटांचा आवाज अंगणातून गेला, परड्यातून गेला. आक्कांनी बोळा काढला नाही. मान हलवून मलाच खूण केली की बघ. मी उठून खिडकीतून बघितलं.

"गेले, आक्का."

त्यांनी बोळा थोडा सैल केला. कसाबसा आवाज काढला. "वढ्याच्या... पल्याड?"

"पल्याड गेले."

मग त्या खोकल्या.